आणखी पथ्य, की पोह्यांकडे परत?

कांदा, लसूण, गहू सोडूनही आयबीएस (पोटदुखी, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठता असा आतड्यांचा जुनाट त्रास) तसाच? मग दोन वाटा.

पहिली, आणखी पदार्थ तोडणं. इंदुरात हे अवघडच. सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन नुसतं बघत राहायचं! शिवाय मोनाश विद्यापीठाच्या लो-फॉडमॅप पद्धतीत (आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं कमी करायची) कडक टप्पा 2 ते 6 आठवड्यांचाच. पुढे ताणलं तर वजन घटू शकतं, जेवणाचीच धास्ती बसते.

दुसरी, एकेक पदार्थ परत आणून उपचार बदलणं: डॉक्टरांना विचारून इसबगोल, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल, सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) किंवा आतड्यांसाठीचं संमोहन. वेळ लागतो, पण माझं मत इकडेच. पोहे तांदळाचेच, कांद्याविना खुशाल खा. लसणाची शेव मात्र शेवटी.

शौचातून रक्त गेलं किंवा वजन आपोआप उतरलं, तर आधी पोटविकारतज्ज्ञ गाठा.