न उतरवलेल्या हेडचे 43,800 रुपये

हेड गॅस्केट गेलं म्हणून माझ्याकडून 43,800 रुपये घेतले. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील म्हणजे हेड गॅस्केट; ती बदलायला हेड उतरवावंच लागतं. ते उतरवलंच नव्हतं. नाशिकमधल्या त्या गॅरेजचं नाव इथे घेत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात टाकलंय. पण जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळत होतं, यात खोटं काही नव्हतं. डिपस्टिकला (ऑइल मोजायच्या पट्टीला) टपरीवरच्या चहासारखं पिवळट काहीतरी लागत होतं आणि कूलंटची बाटली सारखी खाली जात होती. मेकॅनिकने ऑइलचं झाकण उघडलं, आतला पांढरा साका बोटावर घेऊन माझ्या नाकासमोर धरला. "साहेब, हेड गॅस्केट. इंजिन उघडावं लागेल." झालं निदान! ना प्रेशर टेस्ट, ना काही. नुसत्या झाकणाखालच्या साक्यावर जाऊ नका. पावसाळ्यात गाडी जवळच्या जवळ फिरवली तर वाफ थंड होऊनही तो धरतो. डिपस्टिक आणि कूलंटची पातळी, दोन्ही बघायचं.

बिल सांगतो. हेड गॅस्केट 2,850, हेड फेसिंग 2,400, बोल्ट सेट 1,750, टायमिंग किट 11,300, वॉटर पंप 4,600, ऑइल-फिल्टर-कूलंट 6,400, मजुरी 14,500. वीस हजार आधी यूपीआयने, उरलेले 23,800 रोख. पक्कं बिल हवं तर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 7,884. कोण देतं हो? तुम्ही दिले असते?

आणि आता तो फोटो. काम चालू असताना त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता: हेड काढलेलं, ब्लॉकमध्ये ओळीने चार पिस्टन, कडेला काळी पडलेली गॅस्केट. माझी गाडी तीन सिलिंडरची आहे. तीन! मी त्या फोटोखाली अंगठा दाखवून मोकळा झालो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन वाजला, वरवर पाहिलं, गाडी खरंच उघडलीय म्हणून उलट बरं वाटलं. पिस्टन मोजत बसायला मी काय फिटर आहे? जुने पार्ट मागितले तेव्हा "भंगारवाल्याने नेले" म्हणाला. जुने पार्ट पैसे देण्याआधी डिकीत ठेवून घ्यायचे, नंतर ते मिळत नाहीत.

ऑइल-कूलंट त्याने खरंच बदललं होतं, म्हणून काही दिवस डिपस्टिक स्वच्छ. मग पुन्हा तेच.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी घेतल्यावर आधी कूलंटच्या बाटलीत टॉर्च मारला. वर तेलाचा तवंग. "हा ऑइल कूलर वाटतोय." म्हणजे कूलंटने ऑइल थंड करणारा भाग; तो आतून फुटला की दोन्ही मिसळतात. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त, म्हणून तेल कूलंटमध्ये जातं, बंद केल्यावर ऑइलचा दाब लगेच उतरतो, गरम कूलंटचा मात्र टिकून राहतो, मग कूलंट ऑइलमध्ये शिरतं. त्याने रेडिएटरच्या तोंडावर निळं पाणी भरलेली नळी लावून जळालेला गॅस येतोय का तेही तपासलं; हेड गॅस्केट गेलं की तो कूलंटमध्ये येऊ शकतो. गॅस असता तर त्या पाण्याचा रंग बदलला असता, पण निळंच राहिलं. मग कूलर काढून, हवा भरून बादलीत बुडवला, तर एका कोपऱ्यातून बुडबुडे. हेडवरचं टॅपेट कव्हर उघडल्याशिवाय हेड निघत नाही, आणि त्याच्या बोल्टांवर इतक्या वर्षांची धूळमिश्रित तेलाची पापडी तशीच, कुठे पाना लागल्याची खूण नाही. कूलर, सील, फ्लश, दोनदा ऑइल मिळून 13,600. अशा ऑइलवर गाडी रेटू नका, बेअरिंग खाल्ले जातात. माझे किती खाल्ले ते पुढे कळेलच.

पोलीस चौकीत गेलो. चारशेवीसचं आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 झालंय, पण उत्तर जुनंच: "तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत ना? मग हे दिवाणी." फोटो दाखवला तर हवालदार म्हणाले, "आम्हाला इंजिनातलं काय कळणार?" मला तरी कुठे कळत होतं, साहेब! अर्जावर आवक शिक्का मागितला तर साहेब बंदोबस्तात. पुन्हा गेलो तर गॅरेज दुसऱ्या हद्दीत. त्या हद्दीत गेलो तर "तुम्ही राहता कुठे?" एका कार्यालयात पक्कं बिल नाही म्हणून अर्जच घेईनात; दुसरीकडे तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. लेखी कोण देणार? दुसऱ्या मेकॅनिकने हात जोडले, "त्याचं दुकान माझ्याच गल्लीत आहे." मग सामान्य माणसाने पुरावा काय, गॅस्केट गळ्यात बांधून हिंडायचं?

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मला कुणी खिडकीवर सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन. यूपीआयचा स्क्रीनशॉट, चॅट, फोटो काही पुसू नका. रोख तर देऊच नका.

अर्ज दाखल झाल्यावर मेकॅनिकचा मेसेज आला: "भाऊ, गाडी घेऊन या, फुकट बघून देतो." तोही प्रिंट काढून जोडलाय, चार पिस्टनच्या फोटोमागे.