लोकांचं डोकं चालावं म्हणून पैसा कुठं टाकायचा, नागपूरचं ट्रेनिंग का मिलमधली बैठक?

आमची शेतकरी कंपनीची डाळमिल यवतमाळकडं आहे, आणि सध्या आजूबाजूचे कंपनीवाले हेच विचारून राहिले की भाऊ स्टाफला विचार करायला शिकवायचं तं खर्च कशावर करावा. डाळीतले खराब दाणे वेगळे करणारं कलर सॉर्टर मशीन घेताना इतकं कोणी विचारत नाही बाप्पा. पण केंद्राच्या 10,000 एफपीओ (म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्या) योजनेत एका कंपनीला 3 वर्षांत जास्तीत जास्त 18 लाख भेटतात, सीईओचा पगार बी त्यातूनच, म्हणून विचारणं बरोबर आहे.

नागपूरच्या हॉटेलातलं दोन दिवसाचं ट्रेनिंग वाईट नसते. विचार कसा करावा यावर पुस्तकं लिहिणाऱ्या एडवर्ड डी बोनोच्या सहा टोप्या शिकवतात, एकेक टोपी म्हणजे विचाराची एकेक तऱ्हा, पांढरी घातली की फक्त माहिती, काळी घातली की फक्त धोके, आणि एरवी अध्यक्षासमोर तोंड न उघडणारा माणूस काळ्या टोपीच्या आडून बरोबर बोलतो. पण जातात कोण, डायरेक्टर अन् मॅनेजर, ऑपरेटर अन् हमाल मिलवरच. अन् उजळणी नसली तं पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसातच भराभर उडते, हे जर्मनीच्या एबिंगहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं.

मिलमधली बैठक म्हणजे हप्त्यातून एक तास, एकच अडचण, अन् टोयोटावाल्यांसारखं पाचदा "काहून" विचारायचं. आमच्याकडं डाळीत चुरी वाढली होती, सगळे म्हणे रोलर बदला. काहून? तूर सारखी वाळून नव्हती राहिली. काहून? ओली-सुकी एकाच ढिगात. काहून? काट्यावर ओलावा कोणी पाहतच नव्हतं. काहून? मॉइश्चर मीटर ऑफिसच्या कपाटात अन् चावी साहेबाजवळ! पाचव्या काहूनपर्यंत जायची गरजच नाही पडली, आणि हे सांगितलं हमालानं, रोलरचा खर्च वाचला तो वेगळाच.

हे काही जपानचंच नाही म्हणा, गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात अभ्यास गटात आधी चर्चा होते आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय, त्याच गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क भेटला.

बैठकीची खोड अशी की तिसऱ्या हप्त्यात कंटाळा येते, अन् साहेब मधात खुर्ची टाकून बसले की सगळे माना हलवतात. वही ठेवा, साहेबाला शेवटी बोलू द्या.

मोबाइलवरचे कोर्स मी सोडूनच दिले, अर्धे इंग्रजीत अन् रेंज फक्त टाकीजवळ.

तं माझं म्हणणं, लोकं 15-20 असतील तं बैठकच. मॅनेजर नवे असतील, आपसात पटत नसेल, तं तुरीचा सीझन सोडून एक दिवस ट्रेनर बोलवा, पण आधी फोनवर विचारा की मिलवर येऊन पोत्यावर बसायला तयार आहे का. हॉलच पाहिजे म्हटलं तं राहू द्या.