जुन्या बाजारातली ‘सहाण’: साडेतीनशे रुपयांत कोटिक्यूल

मंगळवार पेठेतला जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. पुण्यात असं चालतं. मी तिथे जातो ते वस्तऱ्याला धार लावायचे जुने दगड धुंडाळायला. आजोबांचा जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा माझ्याकडे आला, त्याच्यासोबतचा दगड मात्र कधीच गहाळ झाला होता. तेव्हापासूनचं हे खूळ.

गेल्या महिन्यात गंजलेल्या पान्यांच्या ढिगात एक काळाकुट्ट, तेलकट दगड दिसला. मधोमध झिजून खोलगट झालेला. “घ्या साहेब, सहाण आहे, देवाला गंध उगाळायला,” विक्रेता म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं, आकार तसाच होता. पण कडेला नखाने मळ खरवडला तर वर सायीसारखा पिवळसर थर आणि खाली जांभळट करडा. चेहरा कोराच ठेवला. इथे डोळे चमकलेले दिसले की भाव दीडपट होतो. पाचशेवरून साडेतीनशेला तुटलं.

कोटिक्यूल म्हणजे धार लावायचा पिवळसर नैसर्गिक दगड, तो येतो बेल्जियममधल्या आर्देनच्या टेकड्यांतून, व्हिएलसाल्मच्या आसपासच्या खाणींतून. पिवळ्या दगडाच्या शिरा पातळ आणि ठिसूळ, म्हणून खाली स्लेटचा, म्हणजे पाटीच्या दगडाचा, आधार ठेवतात. काही तुकड्यांत हे दोन थर जन्मतःच जोडलेले असतात, काहींत माणसाने चिकटवलेले. जोडावरची रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ असेल आणि मध्ये सरसाची फट दिसली, तर चिकटवलेला. असा दगड पाण्यात भिजत ठेवायचा नाही. माझ्या दगडात ही रेघ वाकडीतिकडी आहे, एका टोकाला पिवळा रंग करड्यात घुसलाय. म्हणजे जन्माचा जोड.

तरी खात्री वजनानेच करतो, कारण एकदा चांगलाच पोळलोय. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘एशर’ म्हणून सहा हजारांना दगड घेतला होता. एशर म्हणजे जर्मनीतल्या थुरिंगियाचा, सोन्नेबर्गच्या पेढीचा, न्हाव्यांमध्ये नावाजलेला स्लेट. टोकाला लेबल होतं, जुनं दिसावं म्हणून चहात बुडवलेलं असावं. घरी तोलला तर घनता जेमतेम 2.1. खरा थुरिंगियन 2.7च्या पुढे असतो. म्हणजे कारखान्यातला दगड, वर झेरॉक्सचं लेबल. पैसे परत? विचारू नका.

पद्धत सोपी आहे. दगड आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्याने पाण्यात सोडा, तळाला किंवा काठाला टेकू न देता. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके घनसेंटिमीटर दगडाचं आकारमान. माझा कोरडा 338 ग्रॅम, पाण्यात 112. भागाकार, म्हणजे घनता, 3.02. साधा स्लेट 2.8च्या आसपास, धार लावायचा अमेरिकन अर्कान्सा दगड तर 2.65च्या वर जातच नाही. तीन ओलांडलं ते त्यातल्या गार्नेट या कठीण, जड खनिजाच्या कणांमुळे. बायकोचा केकचा काटा होता, ती अजून बोलत नाहीये.

मग सफाई. भांड्याच्या साबणात दोन रात्री भिजवला, पाणी चहासारखं झालं. बोहरी आळीतून 220 नंबरचा वॉटरपेपर आणला, काचेवर ओला चिकटवला, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखल्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत घासला. दीड तास आणि दुखरे खांदे.

आता धार. नुसत्या पाण्यावर हा दगड फार संथ आहे, बोथट वस्तरा त्यावर आणू नका. मी आधी 1000 नंबरच्या साध्या दगडावर धारेची बैठक करून घेतो. मग कोटिक्यूलच्याच छोट्या तुकड्याने वर घासून दुधासारखी पेज काढतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, धार पुढे, वळवायचा तो पाठीवरून. पाचेक मिनिटांत पेज करडी पडते, ते निघालेलं पोलाद. मग दर पंधरावीस फेऱ्यांना दोन थेंब पाणी, पेज पातळ, पातळ, शेवटी निव्वळ पाणी. शेवटच्या फेऱ्यांत पातं दगडाला चिकटल्यासारखं ओढतं. तिथे थांबायचं.

आमच्या गल्लीतल्या नानांना दाखवला. ते आता अर्धी ब्लेड वापरतात, पण वडिलांची धोकटी माळ्यावर आहे. अंगठा फिरवून म्हणाले, “ह्याला तेल पाजलं कुणी? शेवटच्या दहा फेऱ्या साबणाच्या फेसावर मारून बघ. आणि हात जड ठेवू नकोस, वस्तऱ्याचं वजन पुरतं.” फेसावर मारल्या. फरक पडतो, धार मऊ लागते.

तक्रारी आहेतच. दगड जेमतेम चार सेंटिमीटर रुंद, त्यामुळे वस्तरा तिरका ओढत न्यावा लागतो. सगळा सोहळा पाऊण तासाचा. धार झोंबरी चकचकीत होत नाही, ज्यांना तशी आवडते त्यांनी दुसरं बघावं. पण हनुवटीखाली, जिथे ब्लेडने माझी कायम आग व्हायची, तिथे दाढीनंतर तुरटी फिरवली तरी चुरचुरत नाही. तुरटीपुढे खोटं चालत नाही.

आणि बाजार? बिल नाही, परत घेणं नाही, गाडी लावायला जागा नाही. सकाळी नऊच्या आत जा, खिशात भिंग ठेवा. परवा बुधवारी तोच विक्रेता लांबूनच ओरडला, “साहेब, सहाण आली!” त्यातही पिवळा थर होता, पण जोडावर सरसाची सरळ रेघ. आता तो बाराशे म्हणतोय.