पोहण्याचा गॉगल, आत कॉन्टॅक्ट लेन्स: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सिलिकॉनची कड चांगली, पट्टा चांगला, नाकावरचे पूल तीन मापांत मिळतात. गळतीची तक्रार नाही. तक्रार आहे ती वाफेची, फक्त वाफेची.

पहिले दोन महिने काच (असते प्लास्टिकचीच) लख्ख. तिसऱ्या महिन्यापासून चार फेऱ्या झाल्या की समोर पांढरं. लेन्स न वापरणारा अशा वेळी गॉगल उचलतो, बोट फिरवतो, परत लावतो. लेन्सवाल्याने तेच केलं की केसांतलं, भुवयांवरचं पाणी थेट डोळ्यात. मऊ लेन्स ते शोषून घेते आणि पाण्यातला अकँथअमीबा (डोळ्याला गंभीर संसर्ग करू शकणारा सूक्ष्मजीव) तिच्याखाली अडकतो. कवचात गेलेला हा जीव तलावातल्या नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. डोळे कोरडे राहावेत म्हणून घेतलेला गॉगल दर दहा मिनिटांनी उघडायचा, तर घेतला कशाला?

आतला अँटी-फॉग थर ओलावा सपाट पसरवतो, थेंब धरू देत नाही. बोट, टॉवेल, सनस्क्रीनचा तेलकट हात यांनी तो झिजतो. ‘आतून पुसू नये’ ही सूचना डबीच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. थर गेल्यावर बेबी शाम्पूचा एक थेंब आतून पसरवायचा, नीट धुवायचा आणि गॉगल सावलीत पूर्ण वाळवायचा. ओला तसाच लेन्सवर चढवू नका. नळाच्या पाण्यातही हाच अमीबा असू शकतो. एवढं करून शाम्पू टिकतो एकाच पोहण्यापुरता. थुंकी लावायचा जुना उपाय तर लेन्सवाल्यांनी विसरावाच.

‘लेन्सवर घट्ट गॉगल पुरे’ असं दुसऱ्या महिन्यातलं मत होतं. ते मागे. पाचपैकी चार गुण दिले होते, आता अडीच.

तरीही लेन्स घालूनच उतरणार असाल तर एकदाच वापरायची डेली लेन्स घ्या. बाहेर आल्यावर आधी चेहरा टिपा, मग गॉगल काढा, साबणाने हात धुऊन कोरडे करा, मग लेन्स काढून फेकून द्या. मासिक लेन्स वाचवायचा मोह होतो. ती काटकसर महागात पडते. गोडं पाणी आत गेलं तर लेन्स बुबुळाला चिकटते, कारण ते अश्रूंपेक्षा कमी खारट असतं. ओढू नका. लेन्ससोबत चालणारे ओलाव्याचे थेंब घाला, दहा-पंधरा मिनिटं थांबा, सैल झाली की काढा. नंतर दुखणं, लाली, उजेड न सोसणं, अंधूक दिसणं यांपैकी काहीही जाणवलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मासिक लेन्स असेल तर ती डबीसकट सोबत न्या, तपासणीला लागते.

खरा तोडगा नंबरचा गॉगल. वाफ त्यालाही धरते, पण उचलून पुसला तरी डोळ्यात लेन्स नसते. तयार काचा बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने येतात आणि त्यांत सिलिंड्रिकल (एकाच दिशेपुरता लागणारा जादा नंबर, थोडक्यात सिलिंडर) नसतो. त्याचा निम्मा मूळ नंबरात मिळवायचा. उणे ३.०० ला उणे १.०० सिलिंडर असेल तर उणे ३.५०. सिलिंडर मोठा असेल तर मात्र हा हिशोब धूसरच दाखवतो. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर काचा सुट्या मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा.