ऐकतोय ती आवृत्ती कोणती? साहित्याच्या अभ्यासासाठी ऑडिओ-व्हिडिओ वापरल्यानंतरचा अनुभव

पैसे भरून घेतलेल्या ऑडिओबुक अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन अखेर बंद केलं. आवाजाचा दर्जा उत्तम होता आणि अ‍ॅप कधी अडकलंही नाही. तक्रार वेगळीच आहे. एक कादंबरी ऐकताना मी जागोजागी बुकमार्क लावून टिपणं लिहीत होतो. मध्येच अ‍ॅपने त्या कादंबरीचं ध्वनिमुद्रण काढून त्याजागी दुसऱ्या निवेदकाचं घातलं. ना सूचना, ना विचारणा. टिपणं सगळी शाबूत राहिली, पण ती चिकटलेली होती मिनिट-सेकंदांना, वाक्यांना नाही. त्यामुळे एका पात्राच्या मृत्यूवर लिहिलेलं टिपण आता भलत्याच प्रवासवर्णनावर उघडतं.

कस्टमर केअरने आधी कॅशे साफ करायला सांगितलं, मग अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला, आणि शेवटी 'मजकूर तोच आहे' असं कळवून तक्रार बंद केली. मजकूर तोच नव्हता. नवं ध्वनिमुद्रण बरंच लहान होतं, आणि 'संक्षिप्त' हा शब्द पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत होता. पैसे परत मागितले, तर त्याऐवजी दुसरं एखादं पुस्तक फुकट घ्या म्हणाले. मला दुसरं पुस्तक नको होतं.

'मजकूर तोच आहे' हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. करमणुकीसाठी ऐकणाऱ्याचं त्यावर भागेल. अभ्यास करणाऱ्याचं भागत नाही, कारण साहित्यात 'तोच मजकूर' ही गोष्ट बहुतेक वेळा असतच नाही. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी घ्या, जिच्यात व्हिक्टर नावाचा तरुण प्रयोगातून एक जिवंत प्राणी घडवतो. १८१८ची आवृत्ती तीन खंडांत आहे आणि प्रत्येक खंडात प्रकरणांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. १८३१मध्ये लेखिकेनेच सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात सलग चोवीस प्रकरणं. तो निर्मित जीव पहिल्यांदा डोळे उघडतो तो प्रसंग १८१८मध्ये पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात येतो आणि १८३१मध्ये पाचव्या. म्हणजे व्याख्यानात 'चौथं प्रकरण' ऐकून तुम्ही ऑडिओत चौथं प्रकरण लावलंत, तर तो प्रसंग सापडेलच असं नाही. फरक आकड्यांवर थांबत नाही. १८१८मध्ये एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण आहे. १८३१मध्ये ती इटलीतल्या एका गरीब कुटुंबात सापडलेली अनाथ मुलगी होते. नात्यांवर, घरावर, नियतीवर काही लिहायचं असेल तर या दोन वेगळ्या कादंबऱ्या धराव्या लागतात. आणि बहुतेक अ‍ॅपच्या माहितीत निवेदकाचं नाव ठळक, कालावधी मिनिटापर्यंत अचूक, आवृत्तीचा मात्र पत्ता नाही.

कोणती आवृत्ती ऐकतोय हे कळतं का, या एकाच कसोटीवर मी आता प्रत्येक साधन तपासतो. अतिरेक वाटेल, पण ही कसोटी लावल्यावर माझी आधीची क्रमवारी पार उलटी झाली.

सर्वात मोठा बदल लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळाबद्दल झाला. २००५पासून स्वयंसेवक इथे कॉपीराइटमुक्त पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि ती ध्वनिमुद्रणंही सार्वजनिक मालकीची करून टाकतात. सुरुवातीला मला ते फारसं आवडलं नव्हतं. एकेका पुस्तकात प्रकरणागणिक वाचक बदलतो, कुणाचा मायक्रोफोन चांगला, कुणाचा साधा. वाचनशैलीवरून कुणाला नाकारायचं नाही हे तर त्यांचं धोरणच आहे. सशुल्क निवेदकांच्या सफाईची सवय झालेल्या कानाला ते खडबडीत लागतं. पण प्रत्येक पुस्तकाच्या पानावर ज्या छापील मजकुरावरून वाचन झालं त्याचा दुवा असतो. 'फ्रँकेन्स्टाइन'ची तर दोन्ही आवृत्त्यांची वेगवेगळी वाचनं आहेत आणि शीर्षकातच साल दिलंय. मजकूर समोर उघडून ऐकता येतं, शंका आली तर लगेच पडताळता येतं, फाइल उतरवून घेतली की ती माझ्याकडेच राहते. कुणी रातोरात बदलू शकत नाही. फुकट असूनही अभ्यासाचा करार तिथेच पाळला जातो, आणि म्हणूनच पैसे भरलेल्या ठिकाणी तो मोडल्याचा मला जास्त राग येतो.

वाचक बदलण्याबद्दलही मत बदललं. एकच कुशल निवेदक संपूर्ण कादंबरीवर स्वतःचा अर्थ पसरवतो. उपरोध कुठे आहे हे आपल्याआधी त्याने ठरवून टाकलेलं असतं. दर प्रकरणाला नवा आवाज आला की निवेदकाचा सूर आणि मजकुराचा सूर वेगळे ऐकू येऊ लागतात. मात्र सर्वनामांनी भरलेल्या लांब संवादांत अजूनही गोंधळ होतो. तिथे मी छापील पान सोडत नाही.

नाटकांच्या बाबतीत हा आवृत्तीचा प्रश्न सर्वात चिघळलेला आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची १६०८ची क्वार्टो (लहान आकाराची छापील प्रत) आणि १६२३ची फोलिओ (मोठ्या आकाराची) यांत शेकडो ओळींचा फरक आहे. वेडाच्या भरात लिअर मुलींवर काल्पनिक खटला चालवतो तो भाग फक्त क्वार्टोत आहे. नाटकाचं शेवटचं भाषण क्वार्टोत ऑल्बनी या पात्राच्या तोंडी आहे, फोलिओत एडगर या दुसऱ्या पात्राच्या. त्यामुळे प्रयोगाची चित्रफीत किंवा श्राव्य नाट्य ऐकताना दोनच गोष्टी पाहायच्या: खटला आहे का, आणि शेवटी कोण बोलतं. खटलाही आहे आणि शेवट एडगर करतोय, तर दोन्ही संहिता जोडून बनवलेला पाठ ऐकतोय असं बेलाशक समजा. हे कळल्यापासून प्रयोगाचे व्हिडिओ मी दुप्पट आनंदाने पाहतो, कारण दिग्दर्शकाने काय गाळलं हेच अभ्यासाचं साहित्य होऊन बसतं. फक्त त्या व्हिडिओखालच्या वर्णनात 'संपूर्ण नाटक' असं लिहिलेलं असतं त्यावर विश्वास ठेवू नका.

शेक्सपिअरसाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पॉडकास्टमधली एमा स्मिथ यांची 'अप्रोचिंग शेक्सपिअर' ही मालिका ऐकाच. एक व्याख्यान, एक नाटक, त्याबद्दलचा एकच प्रश्न. कथासार सांगण्यात वेळ जात नाही. इथे व्हिडिओची उणीव मला एकदाही जाणवली नाही. उलट आधी मी व्हिडिओ व्याख्यानांच्याच मागे होतो आणि डेटा संपवत होतो. साहित्याच्या वर्गात फळ्यावर फारसं काही लिहिलं जात नाही. दोन-चार नावं, एखादं कडवं. ऑडिओ फाइल कितीतरी लहान, फोन खिशात ठेवून ऐकता येते. जिथे ऑडिओ वेगळा मिळतो तिथे तोच घ्या.

येल विद्यापीठाचे खुले अभ्यासक्रम २००७पासून उपलब्ध आहेत. त्यांतली पॉल फ्राय यांची साहित्यसिद्धान्तावरची सव्वीस व्याख्यानं आणि लँग्डन हॅमर यांची आधुनिक कवितेवरची मालिका मी पुरवून पुरवून ऐकली. व्हिडिओ, ऑडिओ आणि पूर्ण लिखित प्रत, तिन्ही मिळतं. ही लिखित प्रत हेच या साधनाचं खरं मोल. यूट्यूबवरची आपोआप तयार होणारी सबटायटल्स कवितेच्या ओळी मोडून गद्य करतात आणि पात्रांच्या नावांची वाट लावतात; त्यांच्यावरून टिपण काढणं धोक्याचं. माणसाने तपासलेली प्रत असेल तर शब्द शोधून थेट त्या परिच्छेदावर जाता येतं. व्याख्यानं जुनी आहेत, गेल्या काही वर्षांतली चर्चा त्यांत नाही. पाया पक्का करायला मात्र मला यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

बीबीसीचा 'इन अवर टाइम' हा रेडिओवरचा चर्चेचा कार्यक्रम १९९८पासून चालू आहे. एक विषय आणि बोलायला तीन अभ्यासक. एखादी कलाकृती वाचायला घेण्याआधी ऐकायला छान. वाचून झाल्यावर ऐकलं तर थोडं वरवरचं वाटतं. भागाच्या पानावर पुढच्या वाचनाची यादी असते, ती जरूर उतरवून घ्या.

आता आनंदाची गोष्ट. पेनसाउंड हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा कवितावाचनांचा संग्रह. तो वापरताना एक गोष्ट लगेच लक्षात येते: तासाभराच्या कार्यक्रमाची एकच फाइल डोक्यावर मारण्याऐवजी अनेक ठिकाणी प्रत्येक कवितेची वेगळी फाइल दिलेली असते. यामागे विचार आहे. कवी चार्ल्स बर्नस्टीन यांनी २००३मध्येच या कामाचा जाहीरनामा लिहिला होता: ध्वनिमुद्रण मोफत आणि उतरवून घेता येणारं असावं, एकेक कविता सुटी असावी, फाइलला नीट नाव असावं, संदर्भाची माहिती फाइलच्या आतच भरलेली असावी, आणि सूची असावी. मी ज्यासाठी कस्टमर केअरशी भांडत होतो ते सगळं कुणीतरी इतक्या आधी मुद्देसूद मांडून ठेवलंय हे वाचून मला मनापासून भरून आलं. म्हणजे ही माझी एकट्याची कटकट नाही. ही ध्वनीच्या संग्रहाची मूलभूत शिस्त आहे, आणि ती पाळणं तांत्रिकदृष्ट्या अवघडही नाही.

लेखकांचे स्वतःचे आवाज ऐकायला मिळणं हा या सगळ्या महिन्यांतला सर्वात मोठा लाभ. इंग्रजी कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांचं १८८९चं ध्वनिमुद्रण आजही आहे. स्वतःचीच कविता म्हणता म्हणता ते ओळी विसरतात आणि तसं बोलूनही दाखवतात. इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ यांचं २९ एप्रिल १९३७चं बीबीसीवरचं भाषण काही मिनिटांचंच आहे, पण त्यांचा लिखित गद्याचा श्वास केवढा लांब आहे हे ते ऐकल्यावर पानावर दिसू लागलं. मराठी वाचकांनी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा दक्षिण आशियाई साहित्यिक ध्वनिमुद्रण प्रकल्पही पाहावा. त्यांच्या दिल्ली कार्यालयाने तो २०००मध्ये सुरू केला आणि त्यात मराठीसह अनेक भाषांतले लेखक स्वतःचं साहित्य वाचताना ऐकू येतात. लेखक वाचताना छापील ओळीत शब्द बदलतात, कडवं गाळतात. तेही टिपून ठेवावं. तो पाठभेदच आहे, म्हणजे त्याच मजकुराचं वेगळं रूप.

वेगाबद्दल थोडं. व्याख्यानं दीडपट वेगाने चालतात. कादंबरी मी सव्वापटीच्या वर नेत नाही. कविता आणि नाटक मूळ वेगानेच, कारण विराम कापले गेले की छंद जातो.

आणि टिपणांची पद्धत मी आता पूर्ण बदलली आहे. मिनिट-सेकंद लिहिणं बंद. प्रत्येक टिपणाआधी आवृत्तीचं साल, प्रकरण किंवा अंक-प्रवेश, आणि त्या वाक्याचे पहिले चार-पाच शब्द लिहितो, तेही अ‍ॅपच्या बाहेर, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. निवेदक बदलो, अ‍ॅप बंद पडो, टिपण आपल्या जागेवर सापडतं. सशुल्क अ‍ॅपमधली जुनी टिपणं अशीच हाताने उतरवून काढतोय. ती एकगठ्ठा बाहेर काढण्याची सोय त्यात नाही, आणि पैसे भरण्याआधी सर्वात पहिल्यांदा हीच चौकशी करावी.