मान आणि कंबर, जास्त वळतं कोण?

मणके दोन्हीकडे आहेत, मानेत ७ आणि कंबरेत ५, पण स्वभाव एकदम वेगळा. मानेचे मणके छोटे, हलके, आणि वरचे दोन तर भारीच प्रकरण आहे, पहिला म्हणजे नुसती रिंग, दुसऱ्याला वर खुंटी, त्या खुंटीभोवती रिंग फिरते (जात्याचा वरचा दगड फिरतो ना, तसंच) म्हणून आपल्याला "नाही नाही" करता येतं, मान जेवढी वळते त्यातलं जवळपास अर्धं वळण या एकाच सांध्यात होतं. "हो" म्हणायचा सांधा मात्र वेगळा, तो कवटी आणि पहिल्या मणक्यात.

कंबरेचे मणके जाडजूड, वरचं सगळं वजन त्यांच्यावर. पुढेमागे मस्त वाकतात, पण बाजूचे छोटे सांधे जवळपास उभे बसवलेत, वळायला गेलं की एकमेकांना अडतात, त्यामुळे वळणं जेमतेम. योगाच्या क्लासमध्ये "कंबरेतून वळा" सांगतात तेव्हा खरं काम छातीमागचे १२ मणके आणि खुबे करतात 😄

म्हणून गाडी रिव्हर्स घेताना मान बिनधास्त वळवा, पण सिलिंडर उचलताना वाकलेल्या कंबरेला पीळ देऊ नका, पाय वळवा.