ई-कोर्ट्स सर्व्हिसेस: तारखा लगेच, कागदांसाठी मात्र नक्कल विभाग

दाव्याची पुढची तारीख, टप्पा आणि आदेशाची पीडीएफ फुकट, घरबसल्या. या कामासाठी ई-कोर्ट्सचं, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी ऑनलाइन सेवेचं, पोर्टल आणि ॲप दोन्हींना पाचपैकी चार तारे. दाव्यातले कागद वाचायचे असतील तर दोनसुद्धा जास्तच.

सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक दाव्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, हाताशी असला की काही अडत नाही. तो सलग 16 अक्षर-अंकांचा असतो, मध्ये रेघ किंवा जागा सोडायची नाही. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा. पण दाखल करताना इंग्रजीत जसं टाइप झालं तसंच नाव राहतं, एकच 'चौधरी' तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. म्हणून पूर्ण नाव न टाकता आडनावाची सुरुवातीची चार-पाच अक्षरं टाका आणि 'प्रलंबित'ऐवजी 'दोन्ही' निवडा, नाहीतर निकाली निघालेला दावा दिसणारच नाही. ॲपमधले 'माय केसेस' फोनमध्येच साठतात, तेव्हा फोन बदलण्याआधी एक्सपोर्ट करून ठेवा.

आदेशांचा रकाना रिकामा दिसला की दावा सीलबंद केलाय, म्हणजे त्याचे कागद कोर्टाने लोकांपासून झाकून ठेवलेत, अशी शंका लोकांना येते. बहुतेक वेळा तसं काही नसतं. मागच्या तारखांच्या तक्त्यात तारखेवर टॅप करा, त्या दिवसाची त्रोटक नोंद उघडते: वादी गैरहजर, मुदतीचा अर्ज मंजूर, वगैरे. कागद खरोखर सीलबंद ठेवला असेल तर तसा आदेश शोधा.

वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), प्रतिज्ञापत्रं, निशाण्या (पुराव्यात दाखल केलेले कागद) इथे मिळत नाहीत. त्यासाठी त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो आणि त्रयस्थाला कारण द्यावं लागतं. माहिती अधिकाराची पळवाट चालत नाही: गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कोर्टाचे नियम आहेत तिथे नक्कल त्याच नियमांनी मागायची. अपिलासाठी पोर्टलवरच्या पीडीएफच्या भरवशावर राहू नका, प्रमाणित नक्कल घ्या. ती तयार व्हायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण त्यासाठी मुळात नकलेचा अर्ज अपिलाच्या मुदतीत पडलेला हवा. नकलेवरच्या अर्जाच्या आणि तयार झाल्याच्या तारखा तिथेच तपासून घ्या.

गोपनीयतेत मात्र पोर्टल गोंधळलेलं वाटतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 22 वैवाहिक कामकाज बंद दाराआड चालवायला सांगतं आणि ते छापायलाही मनाई करतं. तरी नावाने शोधलं की घटस्फोटाच्या अर्जाची नोंद पक्षकारांच्या नावांसकट समोर येऊ शकते. शेजाऱ्याला तेवढं पुरतं! नोकरी देणाऱ्यालाही. उलट सार्वजनिक हिताच्या दाव्यातलं प्रतिज्ञापत्र वाचायला पत्रकाराने नक्कल विभागात खेटे घालायचे. नाव झाकून हवं असेल तर पोर्टलला ईमेल करण्यात वेळ घालवू नका. नोंद कोर्टाची असते, त्यामुळे त्याच कोर्टात वकिलामार्फत अर्ज देऊन आदेश मागा, आणि तोही शक्यतो दावा दाखल करतानाच.